दोन खांद्यांवरची हंडी

दादाचं आणि माझं बोलणं बंद झालं होतं, पण पौष पौर्णिमा काही आमच्या बोलण्यावर थांबणारी नव्हती. त्या दिवशी आमच्या घरची भाज्यांची हंडी गिरीजहून कळंबच्या किनाऱ्यावर जायची, आणि ती दोन भावांच्या खांद्यांवरूनच जायची. आधी आजोबा आणि त्यांचा भाऊ, मग वडील आणि काका, मग दादा आणि मी. वडिलांनी मरताना आम्हाला ‘भांडू नका’ असं सांगितलं नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता, ते स्वतः अर्ध्या गावाशी भांडलेले होते. पण हंडी चालत न्यायची, चाकावर घालायची नाही, वाटेत जमिनीला टेकवायची नाही, आणि घरातलं चालता येणारं प्रत्येक मूल बरोबर न्यायचं, हे मात्र ते दर वर्षी बजावायचे. जे मूल कडेवर बसून येईल त्याला हंडीतलं मिळायचं नाही. मी अगदी लहान असताना मला असंच उपाशी ठेवलं होतं, असं आई सांगायची. सांगताना तिला त्याचं वाईट वाटतंय असं मला कधी दिसलं नाही.

आता माझी नात सुट्टीच्या दिवशी पाठीला मोठी पिशवी लावून डोंगरात जाते. तिच्याबरोबर शिट्टी वाजवणारा एक माणूस असतो. दोरी धरून ओढा ओलांडतात, मग त्याचे फोटो मला दाखवतात आणि मी तोंडात बोट घालावं अशी अपेक्षा करतात. मी तिला म्हटलं, तुझ्या आत्याला विचार ओढा कसा ओलांडतात ते. ती म्हणाली, आजोबा, तुम्हीच लिहून काढा. म्हणून हे लिहितोय. चौथीत शाळा सोडली त्याला आता किती काळ झाला, पण अक्षर माझं अजून वळणदार आहे. घरी आम्ही वेगळं बोलतो. ती बोली इथे लिहिली तर फ्लॅटात राहणाऱ्यांना कळायची नाही, म्हणून शाळेतलं लिहितो. चुका सापडल्या तर तुमच्यापाशी ठेवा.

आमचं घर एकच, पण मधे भिंत. वडील गेल्यावर ती दादानं घातली. विटा कमी पडल्या की त्याचा हट्ट कमी पडला कोण जाणे, पण भिंत छपराला टेकलीच नाही. वर हातभर फट राहिली. तिथून त्यांच्या फोडणीचा वास आमच्याकडे यायचा आणि आमचा आवाज त्यांच्याकडे जायचा. वहिनी बोंबील भाजायला लागल्या की माझा धाकटा प्रमोद नुसत्या भाताची ताटली घेऊन भिंतीखाली जाऊन बसायचा आणि वासाबरोबर जेवायचा. मी त्याला तिथून उठवायचो. माझी बायको सुमन म्हणायची, “आता वासाची पण वाटणी करून घ्या.” पहाटे आधी पंप सुरू व्हायचा, मग केळीच्या पानांवरून दव टपकायचं, मग लांब चर्चची घंटा, आणि मग भिंतीपलीकडे दादाचा खोकला. तो खोकला ऐकू यायच्या आत मी उठलेलो असायचो, आणि उठलोय हे त्याला कळावं म्हणून अंगणात बादली आपटायचो. सुमन म्हणायची की बादलीचं बूड एक दिवस निघेल. निघालं. मी नवी बादली आणली आणि तीही आपटली.

घराच्या मागे बावखल. वसईबाहेरच्या माणसासाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, विहिरीहून मोठं. एका काठाला माझी वाडी, समोरच्या काठाला दादाची. त्याच पाण्यावर आमची केळी, तोंडली, मोगरा, सगळं. त्याच पाण्यात आमची मुलं पोहायला शिकली, आणि त्यांना मी शिकवलं, दादाच्या निशालासुद्धा, तेव्हा भिंत नव्हती. दोन सुके नारळ घ्यायचे, त्यांच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या सालीचा, पट्टा अर्धवट उचकटून एकमेकांना बांधायचे, ती जोडी मुलाच्या पाठीला लावायची आणि मुलाला पाण्यात सोडायचं. रडलं तर रडू द्यायचं. रडताना तोंड उघडं राहतं, पाणी जातं, मग मूल आपोआप रडायचं थांबतं आणि हात मारायला लागतं. माझी वैशाली रडलीच नाही. तिने मला शिवी दिली. कुठून शिकली म्हणून मी चौकशी केली, तर ती माझीच निघाली.

वैशाली आणि निशा, दोघींत वर्षाचं अंतर. बोलणं बंद होतं ते दादाचं आणि माझं. बायकांनी आणि मुलींनी ते कधी मनावर घेतलंच नाही. मी वैशालीला एकदा ताकीद दिली की समोरच्या काठाला जायचं नाही. ती म्हणाली, “पाण्यात काठ कुठे असतो, बाबा?” मी तिला फटका दिला असता, पण ती पाण्यात होती आणि मी कपडे घालून उभा होतो.

मुलांना घरात बसलेलं मला बघवत नसे. ज्या सायकलवरून मी तोंडली आणि केळीची पानं स्टेशनच्या बाजारात न्यायचो, तीच सायकल रविवारी धुवायची, पुढच्या दांडीवर प्रमोदला घालायचं, मागे वैशालीला, आणि निघायचं. कधी अर्नाळा, कधी वसईचा किल्ला. सुमन पायी निघायची आणि बरेचदा आमच्या आधी पोचायची, कारण वाटेत चेन पडायची. तुंगारेश्वरचा डोंगर आम्ही रस्ता सोडून रानातून चढायचो. तहान लागली की काकडी, भूक लागली की सुकेळी. राजेळी केळी उन्हात सुकवून सुमन ती करायची, मधासारखी चिकट, आणि खिशात ठेवली तर खिसा कायमचा कामातून जायचा. जे मूल कुरकुर करेल त्याला मी सगळ्यांच्या पुढे चालायला लावायचो. मागे राहिलेलं मूल जास्त रडतं. लोक म्हणायचे, रघुनाथ पोरांना गुरासारखं हाकतो. म्हणू देत. ज्यांनी म्हटलं त्यांची पोरं आज जिना चढून आली की खुर्ची मागतात.

शाळेतल्या मास्तरांशी माझं दर पौषात वाजायचं. पौर्णिमेला मुलं गैरहजर का, म्हणून मला बोलावणं यायचं. मी सांगायचो, हंडीला गेली होती. मास्तर म्हणायचे, हंडी ही काही सुट्टी नव्हे. मी म्हणायचो, तुमच्याकडे नसेल. एकदा त्यांनी वैशालीला वर्गासमोर उभं करून विचारलं की या हंडीतून तू शिकतेस काय. ती म्हणाली, “सर, चालायला.” घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा भिंतीपलीकडे दादा हसलेला मला ऐकू आला. मी लगेच गंभीर झालो.

आता भांडणाचं सांगतो. भांडण बावखलाचं होतं. तिकडे नायगावला खाडीच्या कडेच्या जमिनी भरून इमारती उठायला लागल्या होत्या आणि ते वारं आमच्याकडे पोचलं. एक दलाल दादाकडे येऊ लागला. अंगणात बसून चहा प्यायचा आणि बावखलाकडे असा बघायचा, जणू ते आत्ताच भरून झालंय. दादाची बाजू मी लिहितो, नाहीतर म्हणाल म्हातारा एकतर्फी बोलतो. त्याची पाठ गेली होती. केळीचा घड उचलताना तो कण्हायचा ते मला भिंतीवरून ऐकू यायचं. मुलगा नाही, मजूर टिकत नाहीत. बावखल भरून जागा द्यायची, बदल्यात लिफ्टवाल्या इमारतीत घर घ्यायचं आणि मरेपर्यंत पाणी ओढायचं नाही. यात वाईट काय, असं तो गावभर विचारत फिरायचा. वाईट हे, की पाणी दोघांच्या नावावर होतं. ते बुजवलं की माझी केळी पहिल्याच उन्हाळ्यात जळाली असती आणि मग तोच दलाल माझ्या अंगणात चहा प्यायला बसला असता. माझ्या सहीशिवाय त्यांचं अडलं होतं. मी सही देत नव्हतो. एवढंच भांडण, पण त्यात आम्ही बाकीचं पुष्कळ घातलं. आईच्या आजारपणात कोण जागलं, वडिलांचं घड्याळ कोणी हरवलं, माझ्या लग्नात कोणाला मान मिळाला नाही. भिंतीच्या वर फट असल्यामुळे यातलं काहीच वाया गेलं नाही.

त्या वर्षीची हंडी बायकांनी आदल्या संध्याकाळी भरली. भिंत अंगणात नव्हती, म्हणून दोघी अंगणात बसल्या. वालपापडी, कोनफळ, रताळी, कच्ची केळी, छोटी वांगी, सगळ्याला ओलं खोबरं, पातीचा लसूण आणि ओवा चोळलेला. मडक्याच्या तोंडाला केळीच्या पानांचे थर, आणि वरून केळीच्या खोडाच्या सोपटाने घट्ट बांधलेलं. मडकं दोरीच्या जाळ्यात बसवायचं, जाळं बांबूला सुरगाठीने टांगायचं, बांबूचं एक टोक दादाच्या खांद्यावर, दुसरं माझ्या. हंडी कच्चीच न्यायची, ती शिजायची कळंबला, सुरूच्या झाडांखाली, झावळ्यांच्या जाळात.

पहाटे निघालो असतो तर पुढचं काही घडलंच नसतं. पण बांबू उचलायच्या वेळी दादा मागच्या टोकाला जाऊन उभा राहिला. आमच्यात जाताना मोठा भाऊ पुढे असतो आणि येताना धाकटा. मीही मागच्याच टोकाला उभा. मग निशाला मधे घालून बोलणं सुरू झालं.

“निशा, तुझ्या काकाला सांग, माझी पाठ दुखते. मागे सोपं पडतं.”

“निशा, तुझ्या पप्पांना सांग, मोठेपण वाटणीच्या वेळी घेतलंस, आता पण घे.”

“त्याला सांग, जीभ आवर.”

“त्याला सांग, पाय उचल.”

निशा मधे उभी राहून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे मान वळवत होती. शेवटी ती म्हणाली, “तुम्ही दोघं इथेच भांडा, मी सकाळची शाळा करून येते.” ऊन अंगणात आलं तेव्हा दादा पुढे गेला. मी जिंकलो होतो. पण भरतीला आमच्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं.

वाडीच्या वाटेने भुईगावपर्यंत आलो आणि किनाऱ्याला लागलो. ओली वाळू पायाला घट्ट लागत होती. प्रमोद पुढे धावत खेकड्यांच्या बिळांवर नाचत होता. दोघी मुलींच्या गळ्यात नारळांच्या जोड्या होत्या, प्रमोदला समुद्रात खेळवायला. दोघी जावा मागून येत होत्या आणि हसत होत्या. कशाला, ते मी विचारलं नाही. माझ्यापुढे दादाची मान. त्या मानेकडे बघत मी इतकी वर्षं चाललोय की तिच्यावरचा प्रत्येक तीळ मला पाठ आहे. त्या दिवशी त्याने दलालाला भेटायला जाताना घालायचा इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुद्दाम. तो जलद चालायला लागला की मी हळू व्हायचो. मी पुढे रेटलं की तो थबकायचा. हंडी दोघांच्या मधे हेलकावे खात होती.

“वैशू, तुझ्या बापाला विचार, कोणाचं घर जळतंय का?”

“वैशू, सांग त्याला, पाणी भरायला लागलंय. ओहोळ गाठायचा आहे.”

“मला दिसतं पाणी.”

“मग चाल.”

“पोरीला मजुरी द्या रे कोणीतरी,” मागून सुमन म्हणाली.

कळंबच्या अलीकडे एक ओहोळ समुद्राला मिळतो. ओहोटीला गुडघाभर, भरतीला माणूस बुडेल. आम्ही पोचलो तेव्हा पाणी मांडीच्या वर आलं होतं. मुलं आणि बायका साड्या-फ्रॉक वर खोचून, प्रमोदला मधे धरून, आधी पार झाली. मग आम्ही उतरलो. पायाखाली वाळू सरकत होती. बरोबर मधोमध, जिथे पाणी कमरेला लागलं आणि हंडीचं बूड पाण्याला टेकलं, तिथे दादा थांबला.

“रघू,” तो म्हणाला. कित्येक महिन्यांत त्याने माझं नाव घेतलं नव्हतं. तोंड समोरच होतं, मान वळवली नाही. “सही करतोस?”

“चाल पुढे.”

“विचारलं त्याचं उत्तर दे. सही करतोस, की सोडू?”

मला आधी खरंच वाटेना. मग त्याने खांद्यावरून बांबू उतरवला आणि दोन्ही हातांत धरला. सोडला असता तर हंडी तिरपी होऊन ओढीबरोबर समुद्रात गेली असती. सबंध घराचं जेवण, आणि आजोबांपासून एकदाही न पडलेली हंडी.

“सोड,” मी म्हणालो.

“सोडीन हां.”

“सोड म्हटलं ना. लोकांना कळू दे वडिलांची हंडी कोणी टाकली.”

“तू टाकायला लावलीस म्हणून सांगेन.”

“सांग. गाव ओळखून आहे तुला.”

“गाव तुला पण ओळखून आहे. गावात तुझ्याशी बोलतं कोण?”

“तुझ्याशी तो दलाल बोलतो तेवढं पुरे.”

“पाठ मोडली माझी त्या पाण्यापायी! तुला काय, तू बैल आहेस.”

“बैल तर बैल. बैल खुंटा विकत नाही.”

पाणी चढत होतं. पलीकडच्या काठावर कॉटेजात उतरलेली मुंबईची चार माणसं येऊन उभी राहिली. त्यातला एक टोपीवाला वहिनींना विचारत होता, “काय आहे, विसर्जन आहे का?” वहिनी म्हणाल्या, “अजून ठरत नाही.” मग त्या आमच्याकडे वळून ओरडल्या, “अहो, भाऊजी, पोरांचं जेवण धरून उभे आहात दोघे! पाणी बघा!” सुमन ओरडली नाही. तिने काठावर बैठक मारली. जाळं घेऊन येणारी एक कोळीण तिच्या शेजारी थांबली. म्हणाली, “भाऊ का गो?” सुमन म्हणाली, “सख्खे.” कोळीण म्हणाली, “वाटलंच.”

मला थंडी वाजत होती. दादाच्या हातांच्या शिरा फुगलेल्या मला दिसत होत्या, आणि त्याची कंबर एका बाजूला वाकली होती. सोडतो सोडतो म्हणत होता, पण सोडत नव्हता. मीही पुढे रेटत नव्हतो. मी पुढे रेटलं आणि त्याचा तोल गेला, तर हंडी माझ्यामुळे पडली असं झालं असतं. तो मागे हटला असता तर सही न घेता हटला असं झालं असतं. तुम्ही हसाल. तुम्हाला भाऊ नसेल.

मुली पाण्यात कधी उतरल्या ते मला कळलंच नाही. एकदम बांबूखाली दोन डोकी दिसली. निशा हंडीच्या त्या बाजूला, वैशाली या बाजूला. गळ्यातल्या नारळांच्या जोड्या त्यांनी काढल्या होत्या आणि हंडीच्या जाळ्यात खालून अडकवत होत्या.

“काय चाललंय?” मी ओरडलो.

“बाबा, हलू नका.”

“निशा, बाहेर हो! पाण्याला ओढ आहे,” दादा म्हणाला.

“पप्पा, तुमचं चालू द्या,” निशा म्हणाली. “आम्ही जेवण घेऊन जातो.”

वैशालीने सुरगाठीचं टोक ओढलं. गाठ सुटली, बांबू ताडकन वर उडाला आणि माझ्या कानावर बसला. हंडी पाण्यावर उतरली, एकदा डचमळली, नारळांवर नीट बसली. दोघी पोरी एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने पाणी कापत तिरक्या निघाल्या. ओढीच्या विरुद्ध जायचं नाही, तिच्याबरोबर तिरकं जायचं, हे मीच शिकवलेलं. प्रमोद काठावर टाळ्या वाजवत होता. आणि आम्ही दोघे कर्ते पुरुष, एक रिकामा बांबू धरून पाण्यात उभे.

“आता काय वाहताव, पानी?” कोळिणीने विचारलं.

टोपीवाल्याने आमचा फोटो काढला. तो फोटो कुठे असेल, देव जाणे. मला सापडला तर मी फाडीन. मग आम्ही निघालो. आधी कोण हललं यावर आमच्या घरात अजून वाद आहे. आम्ही एकदम हललो असं माझं म्हणणं आहे.

कळंबला सुरूखाली खड्डा करून हंडी उलटी ठेवली आणि भोवती झावळ्या पेटवल्या. जाळ चांगला लागला, पानांचा आणि ओव्याचा वास सुटला. मुली ओल्या कपड्यांनी जाळाजवळ बसून वाद घालत होत्या की पाण्यावर तरंगली म्हणजे हंडी टेकली की नाही टेकली. त्यांनी ठरवलं, नाही टेकली. वहिनींनी मान हलवली आणि तो कायदा झाला. पानं मांडली तेव्हा वाढायला वैशाली उठली. आमच्याकडे पहिलं वाढणं हंडी वाहणाऱ्यांना असतं. तिने पहिलं पान निशाच्या पुढ्यात ठेवलं, दुसरं स्वतःच्या. मग प्रमोद, मग वहिनी, मग तिची आई. मी समुद्राकडे तोंड करून बसलो होतो. दादा सुरूच्या बुंध्याला पाठ लावून, डोळे मिटून. वैशाली माझ्याजवळ आली.

“बाबा, वाढू?”

“नको.”

“मोठे काका, तुम्हाला?”

“तुझ्या बापाला विचारलंस ना? मग तेच.”

ती गेली. सुमनने काही न विचारता दोन पानं भरली आणि एक त्याच्यापुढे, एक माझ्यापुढे आपटलं. मी खाल्लं. अन्नावर राग काढणं मला पसंत नाही. ओहोळाचं पाणी पानांतून आत शिरलं होतं आणि सगळं खारट झालं होतं. कोनफळ तर तोंडात धरवत नव्हतं. मुलं मिटक्या मारत खात होती, मला दाखवायला. थोड्या वेळाने दादाचा आवाज आला, “निशा, तुझ्या काकाला विचार, मीठ कोणी घातलं?” मी पान चाटून पुसून खाल्लं, आणि त्याच्याही पानात काही उरलेलं मला दिसलं नाही.

सही मी दिली नाही. त्या वर्षी नाही, नंतर नाही. दलाल दुसऱ्या वाडीत चहा प्यायला लागला. त्या वाडीत आज इमारत आहे आणि पाण्यासाठी टँकर येतो. निशाचं लग्न झाल्यावर दादा नायगावला तिच्याजवळ राहायला गेला, लिफ्टवाल्या इमारतीत. लिफ्ट बंद पडली की तो मला फोन करून शिव्या देतो. बावखल आहे तिथेच आहे. गावातली तरुण मुलं येऊन गाळ काढतात आणि म्हणतात, दोघा भावांनी किती प्रेमाने पाणी राखलं. मी त्यांना चहा देतो.

त्या पौर्णिमेला कळंबहून परत निघताना मुली बांबूला हात घालायला गेल्या. आम्ही नेतो, म्हणाल्या. दादा आणि मी एकाच वेळी म्हणालो, “हात लावू नका.” त्या दिवसात आमचं एवढंच एक मत झालं. परतताना धाकटा पुढे, म्हणून मी पुढे आणि दादा मागे. रिकामं मडकं मधे लटकत होतं. ऊन उतरलं होतं, ओहोटी लागली होती, ओहोळ पोटरीभर राहिला होता. मधोमध आलो आणि मी थांबलो. बायका-पोरं पलीकडे गेली होती. त्यांनी वळून पाहिलं आणि सुमनने कपाळावर हात मारला.

“आता तू बोल,” मी मान न वळवता म्हणालो. “सहीचं परत काढायचं नाही. नाहीतर सोडतो.”

मागे नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. पाठ दुखत असली की तो नाकाने श्वास घेतो, हे भिंतीपलीकडून ऐकून मला ठाऊक होतं.

“मडकं रिकामं आहे, रघू,” दादा म्हणाला. “सोड खुशाल.”

मी सोडलं नाही. मडकं चांगलं होतं. नवं घ्यायचं तर कुंभाराकडे मलाच जावं लागलं असतं. मी बांबू खांद्यावर नीट घेतला.

“डावा पाय आधी,” तो मागून म्हणाला. “माझ्या पाठीला झटका बसतो.”

मी उजवा टाकला. मग थांबलो, तो पाय मागे घेतला, आणि डावा टाकला. पोरं बघत होती म्हणून.